सरकारी रानातले सरपण



बेंबळीच्या माणसाने जंगलावर भाषण करावे, हे ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. आमच्या धाराशिव जिल्ह्यात रान म्हणून दाखवावयाचे ते येडशीच्या रामलिंग घाटातले आणि बालाघाटाच्या कडेचे काही तुकडे. बाकी सारी ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन. माझ्या लहानपणी चुलीत जळत त्या तुराट्या, धसकटे आणि गोवऱ्या. लाकडाची मोळी निघे ती लग्नकार्याला. झाडांची अशी वाण असल्यामुळेच असेल, परंतु जळणाच्या इतिहासाची मला पहिल्यापासून ओढ आहे.

हल्ली लाकडाच्या भुश्याच्या गोळ्या करून त्यांवर वीज उत्पन्न करण्याची चाल पडली आहे. इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात ड्रॅक्स येथे कोळशावर चालणारे एक प्रचंड वीजकेंद्र होते. ते आता अमेरिकेच्या व कॅनडाच्या रानांतून आलेले लाकूड जाळते. झाड पुन्हा उगवते, तेव्हा हे इंधन निर्दोष, असे एक पक्ष म्हणतो. जळावयास जे घटकाभर पुरत नाही ते वाढावयास एक पिढी लागते, असे दुसऱ्याचे उत्तर आहे. यंत्र नवे आहे, पण वाद आपल्याकडे दीडशे वर्षांचा जुना आहे.

सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. तेथे सिंधू नदीवरील आगबोटी, आणि मागाहून आगगाड्याही, काठच्या बाभळीच्या रानांवर चालत. पंजाबात लाहोरजवळ चांगा मांगा येथे १८६६ साली इंजिनांच्या सरपणासाठी मुद्दाम रान लावण्यात आले. रुळांखालच्या स्लीपरांची मागणी तर निराळीच. अशा निकडीतून १८६४ साली जंगलखाते निघाले व ब्रँडिस नावाचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे पहिले मुख्य झाले. पुढच्याच वर्षी कायदा झाला. तो अपुरा वाटू लागल्याने १८७८ चा कायदा आला आणि खरा वाद तेथे पेटला.

बेडन-पॉवेल या मुलकी अधिकाऱ्याचे (बालवीर चळवळ काढणारे ते हे नव्हेत, हे त्यांचे थोरले सावत्र बंधू) म्हणणे असे की, राज्याने लेखी दिलेला असेल तोच हक्क. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या मोळी आणीत आले ही केवळ सरकारची मेहेरबानी. ती केव्हाही काढून घेता येते. ब्रँडिस यांस हे मान्य नव्हते. काही रान गावाचे म्हणून राहिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही त्या वर्षी सरकारकडे अर्ज केला. रयतेची मालकी राखून तिच्यावरच जबाबदारी टाका, म्हणजे पोलिसी बंदोबस्तापेक्षा राखण चांगली होईल, असा तिचा मुद्दा होता. मला स्वतःला तो अर्ज त्या काळच्या राजकीय लिखाणातील एक फार शहाणा कागद वाटतो. कायद्यात ग्रामवनांचे एक प्रकरण घातले गेले खरे. पण ते बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले.

परिणाम व्हावयाचा तो झाला. इंजिनासाठी तोडले ती राज्याची गरज आणि चुलीसाठी आणले तो गुन्हा, असा न्याय लागू झाला. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतीराव फुल्यांनी या खात्यावर कोरडा ओढला आहे. ठाणे-कुलाब्याकडे राबासाठी टहाळे तोडण्यावरून इतकी ओरड झाली की, १८८५ मध्ये सरकारला कमिशन नेमावे लागले. पुढे १० जुलै १९३० रोजी लोकनायक अणे यांनी पुसदला राखीव रानातले गवत कापले, आणि २५ सप्टेंबरला चिरनेर येथे गोळीबार झाला.

आम्ही त्या वेळी निजामाच्या मुलखात होतो. इंग्रजांचा कायदा आम्हांला लागू नव्हता. पण झाड सरकारचे हा विचार तेथेही मुरलेला होता. म्हणूनच १९४७ च्या लढ्यात स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली. दारूच्या उत्पन्नावर घाव घालावयाचा तो त्यांना झाडावर घालावा लागला.

आता २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क दिला आहे, आणि गडचिरोलीतील मेंढा गावाने तो २००९ मध्ये मिळवलाही. दुसरीकडे, कोळशाच्या वीजकेंद्रांनी शेकडा पाच या प्रमाणात जैविक गोळ्या मिसळाव्यात, असे धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये ठरविले. त्याचा रोख मुख्यतः शेतातील काडीकचऱ्यावर आहे, जंगलावर नाही, हे मला बरे वाटते. परंतु बॉयलरची भूक मोठी असते. काडीकचरा पुरेनासा झाला म्हणजे नजर रानाकडे वळेल. तेव्हा कोणी सार्वजनिक सभेचा तो अर्ज बाहेर काढील काय?

आणि काडीकचरा तरी सगळा मोकळा कोठे आहे? आमच्या गल्लीत एक वृद्ध बाई राहतात. गॅसची टाकी घरात आहे, पण ती संपली की भरून आणण्याची ऐपत नेहमी नसते. तुराट्यांना आता गिऱ्हाईक येणार असे कोणी सांगितले, तेव्हा त्यांनी मला विचारले, "गुरुजी, मग आमच्या चुलीला काय?"