कार्ल्सरूची सभा आणि एक पत्रक

आमची शाळा नववीत सुटली. पुढचे रसायनशास्त्र आम्ही कारखान्यातल्या पिंपांवरची नावे वाचत आणि मागून आणलेल्या पुस्तकांतून शिकलो. कॉस्टिक सोड्याचा रेणुभार आज शाळकरी पोरही काढते : सोडियम २३, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १, बेरीज ४०. म्हणून हा सोडा ४० ग्रॅम घेतला की एक मोल भरतो. बेरीज सोपी खरी. पण त्यातल्या १६ या आकड्यावर विद्वानांचे एकमत व्हायला अर्धे शतक लागले.

इंग्लंडमधील विणकराचा मुलगा जॉन डाल्टन याने १८०८ साली अणुवाद ग्रंथरूपाने मांडला. पाण्यात दोन्ही मूलद्रव्यांचा एकेकच अणू असावा, असे त्याने धरले. पाण्यात वजनाने हायड्रोजन एक भाग, तर ऑक्सिजन आठ भाग. तेव्हा त्या हिशेबाने ऑक्सिजन ८ ठरतो. १८११ साली इटलीच्या आव्होगाद्रोने सांगितले की, तापमान व दाब सारखे असता समान घनफळाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते. त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. मग कोणी ८ धरी, कोणी १६. पूर्वी मुलखामुलखाची पायली निराळी असे, तशीच ही गत. १८६१ च्या आपल्या ग्रंथात केकुलेने एकट्या ॲसेटिक आम्लाची १९ सूत्रे दिली आहेत !

यावर तोड काढण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरू येथे शंभरावर रसायनज्ञ जमले. तेथे स्तानिस्लाओ कानिझारो बोलला. १८४८ च्या सिसिलीतील बंडात हा सामील होता व त्यापायी परागंदाही झाला होता. त्याची रीत साधी होती. वायू हायड्रोजनच्या किती पट जड आहे ते पाहा व त्याची दुप्पट करा, तो रेणुभार. पाण्याची वाफ नऊपट जड, म्हणून १८. त्यात ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साइड २८. त्यात ऑक्सिजन १६. कार्बन डायॉक्साइड ४४, त्यात ३२. सोळापेक्षा कमी कोठेच सापडत नाही. मग अणू १६ चाच, नाही का ?

सभेत निर्णय झाला नाही. शास्त्राचे प्रश्न मतदानाने सुटत नाहीत, असाही विचार तेथे पुढे आला. मात्र अखेरीस कानिझारोचा स्नेही पावेसी याने त्याचे १८५८ चे पत्रक वाटले. लोथार मायरने ते वाचले आणि त्याचे शंकानिरसन झाले. सभेला आलेल्या मेंडेलेयेव्हने तेच अणुभार हाती घेऊन १८६९ साली आवर्तसारणी मांडली.

आम्ही अनेक सभा ठरावाविना उठताना पाहिल्या, आणि खिन्न मनाने सतरंज्या गुंडाळल्या. कार्ल्सरूची हकीकत वाचल्यापासून एक उमगले : हात वर करवून घेता आले नाहीत, तरी हिशेब चोख असलेला कागद माणसाच्या खिशातून घरी जातो, आणि तेथे तो वाचला जातो.