अंगणवाडी, पाळणाघर आणि पाण्याचे पिंप

कल्याण-डोंबिवलीच्या कडेने पसरलेल्या अनेक गावांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, म्हणून ते घरोघर साठवले जाते. मोरीतले पिंप, अंगणातली टाकी, परसातली कठडा ढासळलेली विहीर, वीटभट्टीसाठी माती उकरून झालेला खड्डा : दीड-दोन वर्षांच्या मुलाचा जीव जायला यातले काहीही पुरते. वीतभर पाण्यातही ते गुदमरते, आणि बहुधा आवाज होत नाही. अशा मृत्यूनंतर 'आईची नजर चुकली' असे म्हटले जाते. हे वाक्य आम्हाला अन्यायाचे वाटते. दिवसभर राबणाऱ्या बाईजवळ अखंड नजर उरतेच कुठे? नजर ही व्यवस्था करून पुरवावी लागते, आणि तशी व्यवस्था एकेकाळी ठाणे जिल्ह्यातच उभी राहिली होती.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. (बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.) वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली; 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. १९५७ मध्ये संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली. तेथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्यापुढे निराळीच अडचण उभी राहिली. आदिवासी घरांतली मोठी मुले धाकट्या भावंडांना सांभाळत, म्हणून त्यांना शाळेत येता येत नसे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' निघाली. हेतू शिक्षणाचा होता. बुडण्याचा विचार त्यामागे होता असा आमचा दावा नाही. पण रांगत्या मुलाची राखण सात-आठ वर्षांच्या बहिणीकडून काढून मोठ्या माणसाकडे देणे, हेच बुडण्यावरचे औषध आहे.

याचा पडताळा पुढे बांगलादेशात आला. तेथील तळ्यांच्या खेड्यांत 'आँचल' नावाची पाळणाघरे काढली गेली. आया कामात असतात त्या वेळी, सकाळी ९ ते दुपारी १ पर्यंत, एक ते पाच वर्षांची मुले तेथे राहात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुलांतले बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक कमी आढळले.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिने अंगणवाडीचे नाव घेतले, पाळणाघर मात्र मागे राहिले. तीन वर्षांखालील मुलाचे वजन होते, लस मिळते, शिधा घरी जातो. मूलही घरीच राहते, पिंपाजवळ. २०२२ मध्ये आलेल्या 'पाळणा' योजनेने अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद केली, पण पाळणाघर असलेली अंगणवाडी अजून अपवादच.

भट्टीवर तर तेवढेही नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत राहते, आणि मूल मातीच्या खड्ड्याशेजारी, बहिणीच्या कडेवर.