आजोबांची शाई, आजीची पेन्सिल

मागच्या दिवाळीत भाची घरी आली होती. चिवडा खाता खाता तिने सहज विचारलं, "मामा, पणजीच्या हातचं लिहिलेलं काही आहे का रे आपल्याकडे?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आहे म्हणजे काय! अख्खी वही स्कॅन करून ठेवलीय मी."

२००४ सालची ती फाईल एका संगणकावरून दुसऱ्यावर अशी वीस वर्षं माझ्या मागे मागे फिरते आहे. उघडायला गेलो तर ब्राउझरने हात वर केले. शेवटी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि वही उघडली. आजोबांची निळी-काळी शाई कालच लिहिल्यासारखी टवटवीत. आणि समासात, जिथे आजी पेन्सिलीने लिहायची, तिथे नुसते राखाडी ढग.

भाची म्हणाली, "यात पणजी कुठे आहे?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता बरंच वाचन झालं, ते इथे मांडतोय. मधे थोडं तांत्रिक आहे, पण घरच्या मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

आधी वहीबद्दल. आजोबा शाळामास्तर होते. १९४८ ते १९६१ या काळातल्या घरखर्चाची ही वही, २१२ पानांची. हिशेब आजोबा लिहायचे, शाईने. आजीच्या वाट्याला समास आणि पेन्सिल. दुधाचे खाडे, कुणाच्या बारशाला काय दिलं, कुठल्या काढ्याने कुणाचा खोकला थांबला, असलं सगळं ती त्या दोन बोटं रुंदीच्या जागेत लिहायची. लहानपणी मला आजोबांच्या आकड्यांपेक्षा तो समास वाचायला जास्त आवडायचा.

२००४ साली मी स्कॅनर घेतला आणि पहिलं काम हेच केलं. दोन पानं एकदम, अशी १०६ चित्रं झाली. ए-फोर आकाराचं रंगीत चित्र, इंचाला ३०० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एका चित्राचे सुमारे २५ एमबी. सगळी वही अडीच जीबीच्या वर. माझी हार्ड डिस्क तेव्हा ४० जीबीची, तीही भरत आलेली. आणि ज्यांना वही दाखवायची त्यांच्याकडे टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट. तेव्हा वही लहान करणं भाग होतं.

सरळ उपाय जेपेगचा. त्याचा पाया घालणारे नासिर अहमद मूळ बंगळूरचे. अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत असताना १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले होते. ते मिळाले नाहीत. तरी काम झालं, आणि १९७४ साली टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांचा 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'वरचा निबंध आला. जेपेगचं प्रमाण ठरलं ते १९९२ साली, आणि त्याच्या पोटात हेच गणित आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात हळूहळू बदलणारं काय आणि झपकन बदलणारं काय हे वेगळं करायचं. झपकन बदलणाऱ्या बारकाव्यांकडे डोळा फारसं लक्ष देत नाही, म्हणून ते बरेचसे सोडून द्यायचे.

चेहरा, आकाश, शेत यांना हे छान मानवतं. पण अक्षर म्हणजे पांढऱ्यावर झपकन काळं. तिथे जेपेगने जास्त काटकसर केली की अक्षराभोवती माशा बसल्यासारखे डाग दिसायला लागतात.

नेमकी हीच अडचण एटी अँड टीच्या प्रयोगशाळेतल्या लोकांना दिसली होती. यान लकून, लिऑन बोटू, पॅट्रिक हाफनर आणि त्यांचे सहकारी. यातले लकून म्हणजे पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ज्यांचं नाव गाजलं तेच. त्यांनी १९९८ च्या सुमारास 'डेजाव्हू' नावाचा प्रकार काढला. युक्ती अशी की पानाचे थर करायचे. अक्षरं एका थरात, पूर्ण ३०० ठिपक्यांच्या बारकाईने, पण नुसती 'आहे' किंवा 'नाही' एवढीच. मागचा कागद दुसऱ्या थरात, साधारण १०० ठिपक्यांवर आणून चांगला दाबून. कागदाचा पिवळेपणा काय, थोडा पुसट झाला तरी कुणाचं काय बिघडतं? रंगीत पान साठ-सत्तर केबीत बसायचं. तेवढंच वाचनीय जेपेग त्याच्या पाच ते दहा पट मोठं व्हायचं.

मला तर लॉटरीच लागल्यासारखं वाटलं. अडीच जीबीची वही सात एमबीत बसली! सातशे एमबीच्या सीडीवर सात एमबी. त्या सीडीच्या प्रती काढून मी सगळ्यांना पाठवल्या, आणि जागा हवी म्हणून मूळ चित्रं पुसून टाकली. चार कोऱ्या सीड्या आणल्या असत्या तर ती सगळी मावली असती. चार सीड्या! हा हिशेब मी आज मांडतोय.

आता प्लग-इनची गोष्ट. ब्राउझरला जन्मतः थोडेच प्रकार कळतात. १९९३ साली मोझेक आला तेव्हा पानातल्या मजकुराबरोबर तो जिफसारखी चित्रं दाखवायचा. जेपेग मात्र वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, वेगळ्या खिडकीत उघडायचं. पुढच्या वर्षी नेटस्केपने ते पानातच दाखवलं. जेपेगचं नशीब असं की टॉम लेन यांच्या गटाने १९९१ पासूनच त्याचा कोड फुकट वाटायला सुरुवात केली होती, त्यामुळे कुणालाही तो आपल्या प्रोग्रॅममध्ये घालता आला. जिफचं उलटं झालं. त्यातल्या कॉम्प्रेशनवर युनिसिसचं पेटंट होतं. १९९४ च्या डिसेंबरात परवान्याच्या पैशांची भाषा सुरू झाली, आणि त्या रागातून १९९६ पर्यंत पीएनजी तयार झालं.

बाकी सगळ्या नव्या प्रकारांसाठी नेटस्केपने दुसऱ्या आवृत्तीपासून मागचं दार ठेवलं, ते म्हणजे प्लग-इन. ब्राउझर पानात एक चौकोन मोकळा सोडायचा, आणि त्यात काय रंगवायचं ते बाहेरून आणून बसवलेला प्रोग्रॅम ठरवायचा. कल्पना उदार होती. पण २००१ साली इंटरनेट एक्सप्लोररने नेटस्केपच्या पद्धतीचे प्लग-इन घेणं बंद केलं. आता एकाच कामासाठी दोन प्रकारचे प्लग-इन करा, आणि वाचणाऱ्याने त्यातला आपला कुठला ते ओळखा.

मी सीडीबरोबर कागद जोडला होता: 'आधी प्लग-इन बसवा, मग फाईलवर टिचकी मारा.' आत्या सायबर कॅफेत जायची, तिथे काही बसवायची परवानगी नव्हती. काका अमेरिकेत, त्यांना ऑफिसच्या संगणकावर तीच अडचण. मावशीने फोन करून सांगितलं, "अरे, पांढरा चौकोन दिसतोय, त्यात लाल फुली." सगळ्यांनी कौतुक केलं आणि सीडी कपाटात ठेवली. मी स्वतः पहिली चार-पाच पानं पाहिली, आजोबांचं वळणदार अक्षर बघून खूश झालो, झालं.

२००६ साली वाडा पाडला. वह्यांना वाळवी लागली होती. "स्कॅन आहे ना?" असं कुणीतरी विचारलं, मी "आहे" म्हटलं, आणि वह्या गेल्या.

परवा बसून नीट पाहिलं. डेजाव्हूच्या वाचकात थर वेगवेगळे बघता येतात. अक्षरांचा थर लावला तर आजोबा आणि आजोबाच. कागदाचा थर लावला तर आजोबा गायब, आणि समासात ढग. गडद शाई म्हणजे अक्षर, फिकट पेन्सिल म्हणजे कागदावरचा डाग, असं यंत्राने ठरवलं. त्याला दोष कसला देणार? थर कुठे वेगळे करायचे याचं सेटिंग माझ्या हातात होतं, ते मी पाहिलंच नाही. आणि आत्या, काका, मावशी यांच्यापैकी एकाला जरी ती फाईल उघडता आली असती तर पहिला फोन आला असता, "अरे, आईचं लिहिलेलं दिसत नाही!" वाडा पडायला तेव्हा दोन वर्षं होती. मला मेला तो लाल फुलीचा चौकोन जास्त लागतो. ढग झाले हे एक, पण ते कुणाला दिसलेच नाहीत.

डेजाव्हूचं पुढे काय झालं? २००० साली ते लिझार्डटेक कंपनीकडे गेलं. मूळ लेखकांनी त्याचा मुक्त संच काढला, त्याच्याच जोरावर आज माझी फाईल उघडते, त्यांचे उपकार. इंटरनेट आर्काइव्हने २००२ पासून पुस्तकांसाठी ते वापरलं आणि २०१६ साली नव्या पुस्तकांपुरतं थांबवलं. क्रोमने २०१५ साली आणि फायरफॉक्सने २०१७ साली जुन्या पद्धतीच्या प्लग-इनला दार बंद केलं. फ्लॅशही २०२० च्या अखेरीस गेलं.

डेजाव्हू एकटंच नव्हे. जेपेगचा वारस म्हणून २००० साली जेपेग-२००० आलं. सफारी सोडला तर मोठ्या ब्राउझरांनी त्याला घरात घेतलं नाही. पण डिजिटल सिनेमागृहात तेच चालतं, आणि आपल्या आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमधला चिमुकला फोटोही त्याच प्रकारात असतो. गूगलने २०१० साली आणलेलं वेबपी सफारीपर्यंत पोचायला २०२० उजाडलं. जेपेग-एक्सएल तर क्रोममध्ये चाचणीपुरतं आलं आणि २०२३ च्या सुरुवातीला काढूनही टाकलं. त्याच वर्षी सफारीने ते घेतलं! पस्तिशीकडे झुकलेलं साधं जेपेग मात्र अजून सगळीकडे उघडतं.

इंटरनेट आर्काइव्हने यातून काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. पुस्तकांची पानं ते स्वतःकडे जेपेग-२००० मध्ये ठेवतात, आणि वाचकाच्या ब्राउझरला देताना त्याचं साधं जेपेग करून देतात. ठेवायची प्रत वेगळी, दाखवायची प्रत वेगळी. मी दोन्हीची एकच केली.

आता काम. कुणाकडे आजीचं पोस्टकार्ड, वाणसामानाची यादी, त्या वहीच्या एखाद्या पानाची झेरॉक्स, काहीही असेल तर कळवा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तेही लहान करून पाठवतं. आणि फोटो काढला म्हणून कागद टाकू नका. मी मागितला तरी मला देऊ नका, तुमच्याकडेच ठेवा.

भाचीला उत्तर मिळालं, तेही सांगून ठेवतो. १९५६ साली आजोबा टायफॉइडने महिनाभर अंथरुणावर होते. त्या एका महिन्याचा हिशेब आजीने लिहिलाय, आजोबांच्या दौतीतल्या शाईने. पान १२१. डॉक्टर, मोसंबी, बर्फ, दूध, पुन्हा डॉक्टर. अक्षर न् अक्षर स्वच्छ आहे. भाचीने त्या पानाचं जेपेग करून मागितलं. दिलं करून.