रुग्णशय्या ते कौशल्य प्रयोगशाळा : सातारा-सांगली परिसरातील वैद्यकीय कौशल्यशिक्षणाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचे ज्ञान ग्रंथांतून मिळू शकते. परंतु नाडी पाहणे, पोट तपासणे, शीर टोचणे वा टाका घालणे ही कौशल्ये हाताला वळण लागल्याशिवाय येत नाहीत. हे वळण कोणाच्या शरीरावर व कोणाच्या देखरेखीखाली लावावयाचे, हा वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न होय. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात त्याचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

पूर्वपरंपरा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात ‘योग्या’ म्हणजे पूर्वाभ्यास सांगितला आहे. भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदन. पाण्याने भरलेल्या चामडी पिशवीवर भेदन. कमळाच्या देठावर वा मृत जनावराच्या शिरांवर वेधन. पुतळ्यावर पट्टबंधन असा हा क्रम आहे. शिकणाऱ्याची चूक रुग्णाने सोसू नये, हे त्यामागील तत्त्व दिसते. युरोपात १८ व्या शतकात लायडन येथे बोरहाव्ह यांनी रुग्णशय्येजवळील अध्यापनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मुंबईत १८४५ मध्ये सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेजही जे. जे. रुग्णालयाच्या सान्निध्यातच उभे राहिले.

मिरजेचा प्रयोग

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये मिशनतर्फे भारतात आले. त्यांनी मिरज येथे उभारलेले रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. मिरज रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरदूरचे रुग्ण तेथे पोहोचू शकत. शस्त्रक्रियेसाठी प्रशिक्षित सहायकांची गरज मोठी होती. त्यामुळे रुग्णालयाच्या जोडीने वैद्यकशाळा व परिचारिकांचे प्रशिक्षण यांचीही सोय झाली. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे : आधी रुग्णालय आले व त्याच्या गरजेतून शाळा जन्माला आली. रुग्णसेवा हेच अध्यापनाचे अधिष्ठान होते.

महाविद्यालयांचा कालखंड

१९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल सादर केला. परवानाधारक व पदवीधर अशा डॉक्टरांच्या दोन श्रेणी न ठेवता एकच पदवी असावी, असा तिचा आग्रह होता. त्यामुळे शिक्षणाला समान दर्जा आला. मात्र स्थानिक वैद्यकशाळांचे युग संपले. १९६२ मध्ये मिरज येथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. सांगलीचे शासकीय रुग्णालय त्याच्याशी संलग्न आहे. १९८४ मध्ये कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय, २००५ मध्ये सांगली येथे भारती विद्यापीठाचे महाविद्यालय व पुढे २०२१-२२ मध्ये सातारा येथे शासकीय महाविद्यालय सुरू झाले. या काळात मिरजेतील मूळ क्रम उलटला. विद्यार्थ्यांची प्रवेशक्षमता आधी ठरू लागली व तीनुसार खाटांची मोजणी होऊ लागली. एका रुग्णाभोवती विद्यार्थ्यांचा घोळका जमल्यास प्रत्येकाच्या हाताला काम मिळणे दुरापास्त होते, शिवाय रुग्णाची कुचंबणा होते ती वेगळीच.

कौशल्य प्रयोगशाळा व भाषा

२०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळा, पहिल्या वर्षापासून रुग्णसंपर्क व नोंदवही यांना स्थान दिले. एका अर्थाने हे ‘योग्या’चेच पुनरागमन होय. परंतु रबरी हातावर शीर टोचता येते, त्या हाताला वेदना विचारता येत नाही. पोटात ‘कळ’ येते, ‘मुरडा’ येतो की ‘जळजळ’ होते, यातील भेद रोगनिदानाची दिशा बदलू शकतो. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याला तो मराठी कानांनीच शिकावा लागतो. अभ्यासक्रमातील प्रारंभिक पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेचा समावेश झाला, ही स्वागतार्ह बाब आहे. तथापि ही भाषा केवळ वर्गात नव्हे, तर बाह्यरुग्ण विभागातच मुरते.

निष्कर्ष

पुतळ्यावरील सराव व रुग्णशय्येजवळील अध्यापन हे परस्परांना पर्याय नसून एकाच शिक्षणाच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी रुग्णाचे रक्षण करते, तर दुसरी विद्यार्थ्याला डॉक्टर बनविते. प्रयोगशाळा उभारण्यास निधी पुरतो. परंतु खाटेशेजारी उभे राहून विद्यार्थ्याचा हात धरणारा अध्यापक केवळ निधीने मिळत नाही. रुग्णसेवेतून अध्यापन निर्माण व्हावे, हा मिरजेच्या इतिहासाचा बोध या परिसरातील महाविद्यालयांनी जपणे आवश्यक आहे.