लिथियमने उंदरांची दारू घटली. माणसांची का नाही?

झरी (जि. परभणी) - दारू सोडविण्याचे औषध म्हणून कोणतीही गोळी चहात किंवा भाजीत मिसळून देण्याचा प्रकार ग्रामीण भागात नवा नाही. मात्र मनोविकारावरील औषधांच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. 'लिथियम' हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

लिथियम हा क्षार उन्माद व नैराश्य यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या झटक्यांवर दिला जातो. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी गिनीपिगवर प्रयोग केल्यानंतर उन्मादाच्या रुग्णांना तो दिला आणि 1949 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत त्यास 1970 मध्ये मान्यता मिळाली. मनःस्थिती स्थिर करणारे हे औषध दारूची ओढही कमी करील काय, असा प्रश्न त्यानंतर पुढे आला.

दोन बाटल्यांची चाचणी

या चाचणीत उंदराच्या पिंजऱ्याला दोन बाटल्या लावतात. एकीत साधे पाणी, तर दुसरीत अल्कोहोल मिसळलेले पाणी असते. उंदीर कोणत्या बाटलीतून किती पितो, याची रोज नोंद होते. 1970 च्या दशकात जे. डी. सिंक्लेअर आदी संशोधकांना लिथियम दिलेले उंदीर अल्कोहोल कमी पितात, असे आढळले.

परंतु येथे एक मेख आहे. लिथियमने उंदरांना मळमळते. मळमळीपूर्वी चाखलेल्या पदार्थाची चव ते लक्षात ठेवतात व पुढे तो टाळतात. त्यामुळे घटलेले पिणे हे व्यसन सुटल्याचे लक्षण, की केवळ चवीचा तिटकारा, हे या चाचणीवरून ठरविता येत नाही. लिथियमने तहानही वाढते. म्हणून एकूण पाण्याचा हिशेबही ठेवावा लागतो.

माणसांवरील निष्कर्ष

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील 457 मद्यासक्त पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1989 मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्या वा नसलेल्या, कोणत्याही गटात लिथियमचा दारू सुटण्यास उपयोग दिसला नाही. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, उन्माद-नैराश्याचा विकार व मद्यासक्ती दोन्ही असलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत 'व्हॅलप्रोएट' दिल्यावर अतिमद्यपानाचे दिवस घटले. मात्र हा निष्कर्ष सर्वच मद्यपींना लागू होत नाही.

धोका कोठे?

लिथियमची उपचाराची मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. रक्तातील प्रमाण साधारण 0.6 ते 1.2 मिलिमोल प्रतिलिटर राखावे लागते व त्यासाठी वेळोवेळी रक्ततपासणी करावी लागते. उलट्या, जुलाब किंवा मराठवाड्यातील उन्हाळ्यात घामाने शरीरातील पाणी कमी झाल्यास हे प्रमाण वाढते. काही वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढू शकते. हातांना जोराचा कंप, अडखळते बोलणे, तोल जाणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. दारू प्यायलेल्या माणसातही बोलणे अडखळते व तोल जातो. त्यामुळे घरच्यांना विषबाधा वेळीच ओळखू येत नाही.

मद्यासक्तीवर नॅलट्रेक्झोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, डायसल्फिरॅम ही औषधे उपलब्ध आहेत; तीही रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात. औषधाला समुपदेशनाची जोड लागते. पुण्यात 1986 मध्ये स्थापन झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे कामही समुपदेशनावर भर देणारे आहे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी शासनाची 14416 ही 'टेलि-मानस' दूरध्वनी सेवा 2022 पासून सुरू आहे.