आंतरजाल-निर्बंध आणि लोकमत, हैदराबाद

आंतरजालावरील मजकूर सरकारी आदेशाने नागरिकांच्या दृष्टीआड करण्याच्या व्यवस्थेस भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६९-अ चा मुख्य आधार असून, तदनुसार २००९ साली झालेल्या नियमांनी तक्रार आणि तीवरील कारवाई गोपनीय ठेवण्याचा दंडक घातला आहे. श्रेया सिंघल खटल्यात (२४ मार्च २०१५) सर्वोच्च न्यायालयाने आंतरजालावरील आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरविणारे कलम ६६-अ रद्दबातल ठरविले. ६९-अ मात्र, कारणे लेखी नमूद होतात व त्यांविरुद्ध दाद मागता येते हे जमेस धरून, वैध मानले. जो हुकूम बाधित माणसाच्या नजरेसच पडत नाही, त्याविरुद्ध त्याने दाद मागावी कशी, हा पेच त्यामुळे सुटला असे म्हणवत नाही.

बंदीहुकूम हैदराबादेस अपरिचित नाहीत. निजामाच्या अमदानीत गश्ती निशान ५३ अन्वये जाहीर सभेस पूर्वपरवानगी लागे. आणि १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला.

अलीकडचा ठळक प्रसंगही विद्यापीठाच्याच आवारातला. गुजरातमधील २००२ च्या दंगलींसंबंधी बीबीसीने १७ जानेवारी २०२३ रोजी ब्रिटनमध्ये प्रसारित केलेल्या अनुबोधपटाचे दुवे यूट्यूब व ट्विटर यांनी हटवावेत, असा आदेश माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील तातडीच्या अधिकारान्वये दिल्याचे २१ तारखेस प्रसिद्ध झाले. आणि त्याच दिवशी गच्चीबावली येथील हैदराबाद विद्यापीठात ‘फ्रॅटर्निटी मूव्हमेंट’च्या विद्यार्थ्यांनी तो पडद्यावर दाखविला. दुवा हटला तरी उतरवून घेतलेली प्रत नष्ट होत नाही, तिला एक लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर पुरतो. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने प्रशासनाकडे तक्रार केली. पुढे २६ जानेवारीस स्टुडंट्स फेडरेशनने अनुबोधपटाचा पुन्हा खेळ केला, तर परिषदेने त्याच आवारात ‘द काश्मीर फाइल्स’ लावला. निर्बंध योग्य की अयोग्य हा मूळ मुद्दा या चढाओढीत बाजूस पडला आणि कोणता चित्रपट सत्य, यावरच दोन्ही पक्ष हिरिरीने भांडले. ३ फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाने केंद्रास नोटीस काढून आदेशाची मूळ कागदपत्रे हजर करण्यास फर्माविले.

या शहराने मुकाट्याने पत्करलेला निर्बंध निराळाच होता. जून २०१७ मध्ये तेलंगणा सरकारने वटहुकूम काढून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन रमीस मनाई केली, तेव्हा मोबाइलचे स्थान पाहून खेळाडूंना अडविण्याचे काम कंपन्यांनीच अंगावर घेतले. महाराष्ट्रातील देगलूरच्या बाजूस राज्याची हद्द ओलांडताच तोच खेळ त्याच मोबाइलवर पुन्हा चालू होई. कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. अभिव्यक्तीच्या कैवाऱ्यांनी या बंदीचा फारसा कैवार घेतल्याचे दिसत नाही, कारण पत्त्यांत संसार बुडाल्याची कैफियत घरोघरचे लोकच मांडत होते. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने असे सर्वच खेळ देशभर निषिद्ध केले.