दुधाची साक्ष : वऱ्हाडातील गुरांचे विषाणुरोग आणि त्यांच्या टेहळणीचा इतिहास

गुरांच्या रोगांची मराठी नावे एकत्र मांडून पाहिली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. लाळ-खुरकूत हे नाव तोंडातील लाळेवरून आणि खुरांतील जखमांवरून पडले आहे. फऱ्या हा रोग फऱ्यावर, म्हणजे जनावराच्या खांद्यामांडीवर, दिसतो. एका पायाने लंगडणाऱ्या जनावरामुळे त्यालाच एकटांग्या असेही म्हणतात. घटसर्प गळ्याचा. तिवा तीन दिवसांचा. बुळकांडी ह्या शब्दाच्या तर उच्चारातच ढाळ ऐकू येते. ह्यांपैकी लाळ-खुरकूत, तिवा व बुळकांडी हे विषाणूंमुळे होणारे रोग होत, बाकीचे जीवाणूंचे. परंतु नाव देणाराने तो भेद कोठून पाहावा? त्याने जे डोळ्यांनी पाहिले त्याला नाव दिले. कासेवरून ओळखला जाणारा नित्य परिचयाचा रोग म्हणजे दगडी, आणि तो बहुधा जीवाणुजन्य असतो.

उलटपक्षी दुधाच्या अवस्थांविषयी मराठी अतिशय समृद्ध आहे. पान्हा, पान्हा चोरणे, आटणे, भाकड, वेत, चीक ह्या शब्दांमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे बारकाईचे निरीक्षण आहे. एखादे दिवशी दूध शेरभर कमी आले, पातळ झाले वा चिकट झाले, हे धार काढणाऱ्या हाताला इतर सर्वांच्या आधी कळत असे. तथापि ह्या निरीक्षणाची आणि रोगनामांची भाषेत गाठ पडलेली दिसत नाही. माझ्या मते ह्याचे कारण ज्ञानाच्या अभावात शोधू नये; ते प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेत आहे.

वरूडचा परिसर ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. उत्तरेस सातपुडा आणि मध्यप्रदेशाची सीमा, पलीकडे वर्धा जिल्ह्यातील आष्टी-कारंजा हा गवळाऊ जातीच्या गुरांचा मूळ टापू. आज वरूड संत्र्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी वऱ्हाडची जुनी शेती कापूस-ज्वारीची व ती बैलाच्या खांद्यावर उभी. गवळाऊ ही जात दूध देणारी खरी, परंतु तिची ख्याती हलक्या गाडीला जुंपावयाच्या चपळ बैलांमुळे झाली. दुधासाठी म्हैस असे. नागपुरी म्हशीचे एलिचपुरी हे दुसरे नाव आजच्या अचलपूरचीच आठवण आहे. अशा प्रदेशात रोग म्हणजे पेरणीच्या तोंडावर बसलेला बैल. लाळ-खुरकुतीने मोठी जनावरे फारशी मरत नाहीत. मात्र खुरे सोललेला बैल मृगात निकामी ठरला, तर कुटुंबाचे वर्ष बुडते. तेव्हा रोगाचे नाव पायावरून पडले आणि कासेवरून पडले नाही, ह्यात नवल ते काय?

ह्याच गावगाड्यातील आणखी एक व्यवस्था प्रस्तुत विषयाला अत्यंत महत्त्वाची आहे. वऱ्हाडात गोठ्याला कोठा म्हणतात. सकाळी घरोघरच्या कोठ्यांतून सुटलेली ढोरे गावाबाहेर आखरावर जमतात आणि तेथून गायकी त्यांना रानात नेतो. दिवसभर ती एका पाण्यावर पितात, एका झाडाखाली बसतात. संध्याकाळी पुन्हा आपापल्या कोठ्यात परततात. म्हणजे मालकीच्या दृष्टीने गावात पन्नास कळप असले, तरी संसर्गाच्या दृष्टीने कळप एकच, आखराचा. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

शासकीय टेहळणीचा आरंभ बुळकांडीपासून होतो. हॅलन ह्यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने गुरांच्या साथींवरील आपला अहवाल १८७१ मध्ये दिला. १८८९ मध्ये पुण्यास जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये बुळकांडी-निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देशातील शेवटचा उद्रेक १९९५ चा. भारत ह्या संसर्गापासून मुक्त असल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता २००६ मध्ये मिळाली आणि २०११ मध्ये तो रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ह्या शेवटच्या पर्वात लस थांबवून गावोगाव शोध घेण्यात आला व रक्तजलाचे नमुने तपासले गेले. रक्त बैलाचेही घेता येते, वासराचेही. दूध घेता येत नाही. बैलांच्या देशात रक्ताकडे वळणे स्वाभाविकच होते.

दुधाची वाट निघाली ती युरोपातून. १९३७ मध्ये जर्मनीत फ्लायशहाउअर ह्याने सांसर्गिक गर्भपाताच्या जीवाणूसाठी वलय-चाचणी सुचविली. रंगविलेले मृत जीवाणू दुधात मिसळावयाचे. दुधात त्या रोगाची प्रतिपिंडे असतील तर जीवाणूंचे गठ्ठे सायीबरोबर वर चढतात आणि साईचे कडे रंगते. चाचणी स्वस्त, आणि मुख्य म्हणजे ती अनेक जनावरांच्या मिसळलेल्या दुधावर चालते. विषाणुरोगांसाठी ही सोय व्हावयास १९७१ ची एलायझा पद्धती यावी लागली. तिच्यामुळे प्रतिपिंडांचा अत्यल्प अंशही मोजता येऊ लागला. डेन्मार्कने १९८४ पासून गुरांच्या नागीणवर्गीय विषाणूविरुद्ध, आणि स्वीडनने १९९३ पासून गुरांच्या विषाणुजन्य अतिसाराविरुद्ध, गोठ्याच्या सामायिक टाकीतील दूध तपासून मोहिमा चालविल्या. स्वीडनने तर लस वापरलीच नाही.

स्वीडनच्या उदाहरणाशी थोडे थांबणे इष्ट होईल. ह्या अतिसाराचा विषाणू गाभण गाईच्या पोटातील गर्भाला लवकरच्या महिन्यांत गाठतो, तेव्हा जन्मणारे वासरू त्याला परके मानीत नाही. ते जन्मभर विषाणू बाहेर टाकीत राहते. ते वासरू दूध देत नसते, म्हणून टाकीत त्याचा मागमूस नसावा असे वाटते. पण त्याच्या सहवासातील गाईंच्या दुधात प्रतिपिंडे चढतात. टाकी वाढलेली दिसली की गोठ्यात जाऊन ते एक वासरू शोधावयाचे. दूध येथे न देणाऱ्याचीही साक्ष देते, हा भाग मला सर्वांत मनोरंजक वाटतो.

लाळ-खुरकुतीची गोष्ट निराळी. लफ्लर व फ्रॉश ह्यांनी १८९८ मध्ये हा रोग जीवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही पार होणाऱ्या कारकाचा आहे असे दाखविले. प्राण्यांच्या विषाणुविद्येची ती सुरुवात होय. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमधील बरोज ह्याने सिद्ध केले की, तोंडात फोड दिसण्यापूर्वीच विषाणू दुधात उतरतो. म्हणजे लाळ आणि खूर ह्यांच्या आधी कास बोलते. परंतु भारतात ह्या साक्षीचा उपयोग करणे सोपे नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गुरांना कानात बारा अंकी बिल्ला मारून वर्षातून दोनदा लस टोचावयाची योजना आहे. लस टोचलेल्या गाईच्या दुधातही प्रतिपिंडे असणारच. मग ती रोगाची की लसीची? ह्यासाठी विषाणूच्या कवचात नसलेली, तो पेशीत वाढतानाच तयार होणारी प्रथिने निवडून केवळ त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे शोधावी लागतात. शुद्ध केलेल्या लशीत ती प्रथिने जवळजवळ नसतात, म्हणून भेद करता येतो.

लंपी चर्मरोगात तो भेदही हाताशी नव्हता. आफ्रिकेत १९२९ मध्ये प्रथम नोंदलेला हा रोग ऑगस्ट २०१९ मध्ये ओडिशात आणि पुढील वर्षी विदर्भात आला. २०२२ च्या पावसाळ्यात जळगावकडून येऊन त्याने अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत मोठी हानी केली. गुरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्यात आली. ती लस आणि रोग ह्यांची प्रतिपिंडे एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. अंगभर गाठी दिसणाऱ्या रोगाला दुधाच्या चाचणीची गरज तरी काय, असे कोणी म्हणेल. पण सर्वच बाधित जनावरांना गाठी उठत नाहीत. दुधाविषयी चर्चा झाली ती मात्र उलट्या दिशेने : माणसाने ते प्यावे की नाही, ह्या भीतीची. हा रोग माणसाला होत नाही, असा खुलासा पशुसंवर्धन खात्याला करावा लागला.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास व कॅन्सस येथील दुभत्या गाईंत पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला, तेव्हा दूध घटले होते आणि ते चिकासारखे दाट व पिवळसर येत होते. कच्चे दूध प्यालेली गोठ्यातील मांजरे मेली. विषाणूचे मुख्य ठाणे कासच होते. डिसेंबर २०२४ पासून तेथे देशव्यापी दूधतपासणी सुरू झाली. वेत नसताना चीक आला, हे लक्षण आमच्या कोणत्याही गवळणीने हेरले असते. ते कोणाला कळवावयाचे, हा प्रश्न उरला असता.

वऱ्हाडात संघटित दूधसंकलन दुबळे राहिले. २०१६ पासून विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पामुळे अमरावतीसह अनेक जिल्ह्यांत संकलनाचे नवे जाळे उभे राहू लागले. संकलन केंद्रावर प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचा नमुना आजही घेतला जातो, पण तो फॅटसाठी, म्हणजे भावासाठी. तोच नमुना, त्याच खातेक्रमांकासह, रोगासाठी वापरण्यात तांत्रिक अडचण थोडी आहे. युरोपात टाकी म्हणजे एका मालकाचा कळप. येथे गावाचा कॅन म्हणजे पन्नास मालकांच्या दोन-दोन जनावरांचे दूध. ह्या मिश्रणास काही अभ्यासक दोष मानतात. मला तो मान्य नाही. रोगाच्या दृष्टीने गावाचा कळप जर आखराचा असेल, तर गावाचा कॅन हीच त्या कळपाची टाकी होय. अर्थात बैल, भाकडे व वासरे त्यात येत नाहीत, आणि ज्या घरी दूध घरातच संपते ती घरेही येत नाहीत. त्यांच्यासाठी रक्ताची जोड ठेवावीच लागेल.

खरी अडचण निराळी आहे. नमुना दोषी ठरला तर दूध नाकारले जाईल, अशी शंका ज्याला येईल तो आजारी म्हशीचे दूध केंद्रावर आणणार नाही, आणि मग कॅन निर्दोष दिसेल. २०२२ मध्ये राज्य शासनाने लंपीने दगावलेल्या दुभत्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० रुपये आणि वासरामागे १६,००० रुपये साहाय्य दिले. हे साहाय्य मेलेल्या जनावराचे होते. रोग प्रथम कळविणाऱ्याचे त्या आठवड्यात जे दूध जाते, त्याची किंमत कोणी द्यावयाची हे ठरल्याखेरीज नमुन्यांची बाटली गावात नेणे व्यर्थ आहे.